आत्या बरं म्हणायला लागली तेव्हा

माझ्या आत्यानं आयुष्यात कशालाच बरं म्हटलेलं नाही. स्वतःच्या लग्नात तिनं बुंदीच्या पाकाला नावं ठेवली, आणि नवरदेव उतरला तेव्हा त्याच्यापेक्षा घोडा तरतरीत दिसतो असं करवलीच्या कानात सांगितलं. ते कानातलं बोलणं परतवाड्यापर्यंत ऐकू गेलं असं आमच्याकडे सांगतात. सांगतात म्हणजे मीच सांगतो.

म्हणून पातूर रस्त्यावरच्या त्या वृद्धाश्रमात ती एका रविवारी म्हणाली, "सगळं बरं हाय," तेव्हा मी तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

आश्रम तिनंच निवडला होता. मूलबाळ नाही, काका गेलेले, गुडघे बसलेले. मी अमरावतीला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शिवाय तिचा जन्म गेला अकोल्याच्या जुन्या शहरात. अमरावतीचं पाणी तिला पचत नाही, हे तिनं ते पाणी न पिताच ठरवून टाकलेलं. सुरुवातीला मी दर रविवारी जायचो आणि ती तासभर तक्रारी सांगायची. वरणात डाळ शोधावी लागते, उशीत सरकी भरली आहे, शेजारीण घोरते तेव्हा खिडकीच्या काचा वाजतात. मी ऐकायचो आणि निवांत मनानं बसमध्ये बसायचो.

दिवाळीनंतर हे सगळं थांबलं.

"जेवण कसं आहे?"

"बेस हाय."

"शेजारीण?"

"चांगली बाई हाय बिचारी."

ही माझी आत्या नव्हे. हिला काहीतरी देऊन ठेवतात, असं मी पक्कं धरलं. तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. दुधाचा वास घेतला. एक गोळी खिशात घालून अमरावतीच्या मेडिकलवाल्याला दाखवली. तो म्हणाला कॅल्शियम आहे. तेव्हापासून त्या मेडिकलवाल्यावरही माझा डोळा आहे.

आश्रमाचा व्यवस्थापक अत्तर लावायचा. ते अत्तर आधी यायचं, मग तो. त्याच्याकडे सगळं नियमाप्रमाणे होतं. चाकाच्या खुर्चीसाठी उतार, आग विझवायचं लाल नळकांडं, भिंतीवर रहिवाशांच्या हक्कांचा फलक आणि त्याखाली कुलूप लावलेली तक्रारपेटी. "साहेब, आपल्याकडे एकही तक्रार नाही," असं तो पेटीवर हात ठेवून सांगायचा. एवढी वऱ्हाडी म्हातारी माणसं एका छपराखाली आणि तक्रार नाही? आमच्याकडे तिरडीवरचा माणूससुद्धा दोरी सैल बांधली म्हणून कुरकुरतो.

रविवारी येताना फोन करून यावं, असा तिथला नियम. म्हणून मी मधल्याच वारी, दुपारी, न कळवता गेलो. आत्या बाथरूमकडे निघाली होती. मदतनीस बाई तिच्यासमोर उलट्या पावलांनी चालत होती आणि आत्यानं तिचे दोन्ही खांदे धरले होते. आत्याच्या कोपरावर भरताच्या वांग्यासारखा काळानिळा डाग होता. मला पाहून तिनं पदर ओढला.

"हे काय?"

"भित लागली."

"भिंत चालत आली होती का?"

"तू आज काहून आला? आज काय रविवार हाय?"

मी हललो नाही. तेव्हा तिनं मला अंगणात कडुनिंबाखाली नेलं आणि चहूकडे पाहून सांगितलं. बाथरूममधला धरायचा दांडा भिंतीतून सुटला होता. तो धरून ती उठायला गेली, आणि बसली ती थेट फरशीवर.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तर या बाईले काढलं असतं."

झालं होतं असं. जुन्या शहरातले एक शिंपी चाचा पुरुषांच्या बाजूला राहायचे. दिवाळीत ते म्हणाले की चहा गार येतो. व्यवस्थापकानं एकच विचारलं, ड्यूटीवर कोण होतं? चहा आणणाऱ्या बाईला त्याच संध्याकाळी घरी बसवलं. चहा गारच राहिला. तिथं तक्रार केली की ती ड्यूटीवरच्या माणसाच्या डोक्यावर पडायची, हे सगळ्यांना कळलं. मग याच कडुनिंबाखाली बसून म्हाताऱ्यांनी ठरवलं, यापुढं सगळं बरं हाय.

"या मदतनीस बाईचा नवरा खाटेवर हाय," आत्या म्हणाली. "दांड्याचं तिनंच सांगतलं होतं त्या अत्तरवाल्याले. तर म्हणे, तुम्हीच हलवला असेल. आता माया पायी तिची चूल विझवू का मी?"

"आणि परत पडलीस तर?"

"पडली तर पडली. तू एक शब्द बोलू नको. तुया बापाची आन हाय तुले."

बाप माझा कधीच वारला, पण त्याची शपथ मोडायची हिंमत अजून आमच्या घरात कुणात नाही. मी अमरावतीला परतलो ते तोंड शिवूनच. फोन वाजला की आत्या पडली असंच वाटायचं.

पुढं आश्रमाची सरकारी तपासणी आली. तपासणीवाले कधी येणार हे व्यवस्थापकाला आधीच माहीत होतं. यावरही माझा संशय आहे, पण तो राहू द्या. त्यानं नातेवाइकांना चहा-चिवड्याला बोलावलं, दोन चांगले शब्द बोलावेत म्हणून. तपासणीच्या मॅडम किडकिडीत आणि शांत होत्या. त्या एकेकाला विचारत होत्या, "काही त्रास आहे का?" अत्तर त्यांच्या खांद्यामागे उभं होतं.

"नाही."

"नाही जी."

"बेस हाय सगळं," आत्या म्हणाली आणि माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

मी उठलो. शब्द बोलायचा नव्हता, चालायला बंदी नव्हती. आत्याच्या खोलीच्या बाथरूममध्ये गेलो. माझं वजन मी कुणाला सांगत नाही, पण मला पाहून परतवाड्याच्या जीपवाल्यानं बसलेल्या दोन सवाऱ्या खाली उतरवल्या आहेत. तेवढा सगळा मी त्या दांड्याला लटकलो.

दांडा आला. त्याच्यासोबत फरशा आल्या, गिलावा आला आणि मी खाली आलो. आवाज असा झाला की पातूरच्या लेण्यांतली वटवाघळं उठली असतील. मी कपडे झटकले, दांडा मारुतीच्या गदेसारखा खांद्यावर घेतला आणि चिवड्याच्या ताटल्यांमध्ये नेऊन ठेवला. शब्द काढला नाही.

व्यवस्थापकाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "ड्यूटीवर कोण आहे आज?"

मॅडमनी आधी दांड्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात पांढऱ्या पडलेल्या मदतनीस बाईकडे.

"भिंतीतून दांडा निघाला, यात तिची ड्यूटी कुठं आली?" त्या म्हणाल्या. "तुम्ही जरा बाहेर थांबा. दार लावून घ्या."

दार लागलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. आधी सगळ्यांनी दार नीट लागलंय का ते पाहिलं. मग शिंपी चाचांनी घसा साफ केला.

"मॅडम, जिस बाई को निकाला उसका कसूर नहीं था. चाय तो आज भी ठंडी है."

"चहाचं राहू द्या हो चाचा," आत्या पदर सावरत म्हणाली. "आधी माया कोपर दाखवू द्या."

पुढचा गोंधळ मी सांगत नाही, कारण मी वाढवून सांगतो असा माझ्यावर आरोप आहे.

दांडा नवा बसला. काढलेली बाई कामावर परतली, आणि पेटीची किल्ली आता चाचांच्या कमरेला असते. व्यवस्थापक तोच आहे, अत्तर बदललंय. मी गेलो की आधी दांड्याला लटकून पाहतो, मगच आत्याजवळ बसतो.

परवा तिनं पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली. "मीठ पाह्य किती टाकलं. मारून टाकतील मले."

मदतनीस बाई दारातूनच म्हणाली, "तुमच्या हातचं खाऊन तुमचा भाचा असा झाला, आत्याबाई. माया हातचं खाल्लं असतं तर भित तरी शाबूत रायली असती."

आत्या तिच्यावर खेकसली आणि ती हसत निघून गेली. मी घास घेतला. मीठ अगदी बरोबर होतं. त्या दिवशी मी निवांत मनानं बसमध्ये बसलो.