धुतलेले पाय

धूपाचा दाट, गोडसर दरवळ आणि त्याच्या आडून येणारा नव्या साबणाचा वास: नवीन पनवेलच्या आमच्या चर्चमधला पवित्र गुरुवार मला असा नाकानेच आठवतो. येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात. आणि हे बारा जण? घरून पाय घासून, नखं कापून, वर पावडर लावून येतात! धुतलेले पाय पुन्हा धुण्यात कसली आली नम्रता?

वेदीशेजारी आमची आश्रयदात्री संत उभी आहे, संगमरवरी, निष्कलंक. तिचं चरित्र आम्ही धर्मशिक्षणात घोकलं होतं: श्रीमंत घर सोडून आलेली ती बाई पहाटेच्या प्रार्थनेतून उठे ती थेट कुष्ठरोग्यांच्या जखमांपाशी जाई, आणि त्या धुताना आपली प्रार्थनाच पुढे चालू आहे असं मानी. घोकलं, मार्क मिळवले, संपलं.

एका वर्षी त्या बारा खुर्च्यांवर बायकांनाही बसवायचं ठरलं, तेव्हा मी मार्थामावशीचं नाव दिलं. मावशी खाडीकडच्या वस्तीत राहते. तिचा कुष्ठरोग औषधाने केव्हाच गेला. जाताना पायाची बोटं घेऊन गेला आणि तळव्याला न भरणारी जखम ठेवून गेला. एकदा तरी त्या खुर्चीत बसावं, एवढीच तिची इच्छा. समितीचे अंतोनकाका आम्हाला समजावत राहिले, की ओल लागून जखम चिघळेल, तिच्याच भल्यासाठी सांगतोय, शिवाय पुढे लहान मुलं बसतात. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि हसली.

"जखम रोज मीच धुते, काका. पान्याला मी भीत नाय. तुमी भिता."

मी भांडले, म्हणून खुर्ची मिळाली, रांगेतली शेवटची. पट्टी सोडून ती बसली. फादर एकेक चकचकीत पाऊल ओलं करत, पुसत, त्याचं चुंबन घेत पुढे आले, आणि तिच्यापाशी त्यांच्या हातातला तांब्या थबकला. क्षणभरच. पण मावशीने तो क्षण पाहिला, आणि फादरांची पंचाईत नको म्हणून पाय हळूच लुगड्याखाली ओढून घेतला. फादरांनी तिच्या कपाळावर क्रूस काढला, गायकवृंदाने सूर धरला, सगळे सुटले.

बाहेर पडताना लोक म्हणत होते, किती समंजस बाई! समंजस? एका म्हातारीने आपली एकुलती एक इच्छा आमची लाज झाकायला खर्ची घातली, आणि आम्ही तिला एक विशेषण देऊन मोकळे झालो. त्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये कुणाचेही पाय धुतले गेले नाहीत.