आर्णीच्या कपिलचा प्रोसेसर

आर्णीत लग्नाचं शूटिंग कोणीही करो, ते जोडायला शेवटी कपिलकडेच यायचं. लहानपणी ताप डोक्यात गेला आणि त्याचे दोन्ही कान गेले. मग जे काय कळायचं ते डोळ्यांनी, अशी त्यानं सवयच लावून घेतली. मांडवात नवरीच्या बापाचा चेहरा कधी पडला, हे शूटिंग करणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. कपिल ते बरोबर हेरून पडद्यावर आणायचा. गाण्यांचं काम बायकोचं, ममताचं. ती गाणं निवडायची, त्याच्या पाठीवर बोटांनी ताल धरायची आणि त्या ठेक्यावर तो चित्रं कापत जायचा.

घर लहान, वर टिनं. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला तेव्हापासून कपिलची आई वच्छलाबाई ओसरीत झोपू लागली. थंडीतही बाज आत घेईना. आपण तिची खोली बळकावली म्हणून माय रुसली, असं कपिलच्या मनानं घेतलं होतं. विचारलं की ती हातानं सांगायची, बाहेर वारा बरा लागतो.

यंदा फोटोग्राफर नव्या कॅमेऱ्यांवरचं शूटिंग आणू लागले आणि जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकली. हार घालताना नवरदेवाचा हात अधांतरी थांबायचा आणि दिसायचा तो एकदम हार घालून झाल्यावर. मधलं सगळं गळून जायचं, आणि कपिलला तर तेच मधलं हवं असायचं. नवा प्रोसेसर घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. खाली अक्षरं येणारे व्हिडिओ पाहून पाहून त्यानं सगळ्यात दांडगा प्रोसेसर हेरून ठेवला. ममतानं खुणेनं एवढंच सांगितलं, की आधी आपलं शूटिंग त्यावर चालवून पाहू, मग घेऊ.

दोघं एसटीनं यवतमाळला गेली. दुकानदार विक्की ओळखीचा. त्यानं जोडून तयार असलेले दोन कॉम्प्युटर समोर ठेवले. एकात कपिलच्या मनातला दांडगा प्रोसेसर, दुसऱ्यात मधल्या ताकदीचा. त्या मधल्याच्या पोटातच चित्र उलगडायची वेगळी सोय होती, त्यामुळे नव्या कॅमेऱ्याचं शूटिंग त्याला जड जात नाही, हे विक्कीनं मोबाइलवर लिहून दाखवलं. कपिलनं पेन ड्राइव्हमधलं घाटंजीचं एक लग्न दोन्हींवर लावलं. हार दोन्हीकडे न अडखळता गळ्यात पडला. पण पूर्ण फिल्म बनवून बाहेर काढायचं काम आधी मधल्यावर आणि मग दांडग्यावर लावलं, तेव्हा दांडगा कितीतरी भरभर पुढे चालला. कपिल खूश झाला. हाच, असं सांगायला तो ममताकडे वळला.

ती विक्कीच्या कानाशी वाकून बोलत होती. विक्कीही मान पुढे काढून, तोंड मोठं करून उत्तर देत होता. मघाशी मधल्या कॉम्प्युटरवर काम चाललं होतं तेव्हा हीच दोघं हातभर अंतरावर उभी राहून निवांत बोलत होती. कपिलची नजर दांडग्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये गरगरणाऱ्या पंख्यांवर गेली. त्यानं ममताला खुणेनं विचारलं, आवाज होतो का?

ममतानं थोडासा, असं दाखवलं.

मग त्यानं विचारलं, घरचा?

तिनं नजर खाली घातली. कपिलला सगळं उमगलं. त्यानं ओसरीची, बाजेची खूण केली. ममताचे डोळे भरून आले. तिनं हळूहळू हातांनी सांगितलं, की जुना कॉम्प्युटर कामाला लागला की घरात पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं होतं. आणि मायनंच तिला बजावलं होतं, "त्याले सांगू नको वं पोरी. एवढं जीव लावून करून राह्यला. मले ओसरीत झोप लागते."

कपिलनं पेन ड्राइव्ह काढून खिशात घातला. मग त्यानं मोबाइलवर लिहून विचारलं, टिनाच्या खोलीत, एप्रिल-मे महिन्यात, कोणता कमी बोंबलेल? विक्कीनं खरं ते सांगितलं. मोठा जास्त तापेल, म्हणून त्याचे पंखेही जोरात फिरतील. मधला पुष्कळ शांत राहील, फक्त फिल्म निघायला वेळ घेईल. कपिलनं मधल्यावर बोट ठेवलं.

"ह्यांचं मन त्या मोठ्यावर होतं, भाऊ," ममता विक्कीला म्हणाली.

विक्की म्हणाला, "होतं, वहिनी. आता नाही दिसत."

घरी जोडणी झाली. पहिली फिल्म निघायला लागली तेव्हा कपिलनं कॅबिनेटवर हात ठेवला, तर काहीच थरथरेना. बंद पडला की काय म्हणून त्यानं घाबरून ममताला हाक मारली, त्याच्या त्या अर्धवट आवाजात. तिनं कान लावून ऐकलं आणि हसून मान हलवली, चालू आहे.

काय झालं म्हणून वच्छलाबाई दारात आली. कपिल उठला, ओसरीतून तिची बाज उचलून आणली आणि पुढच्या खोलीत भिंतीलगत मांडली. ती आधी नको नको म्हणाली. मग बसली, जरा कलंडली, आणि भर दुपारी तिचा डोळा लागला. फिल्म निघायला अजून पुष्कळ अवकाश होता. ममता तुरीच्या शेंगांचं टोपलं घेऊन खाली बसली. कपिलही तिच्याशेजारी बसून शेंगा सोलू लागला. मधूनच तो बाजेकडे पाही. माय घोरत असावी; तिचं तोंड उघडं होतं.