खडूच्या बाहेरून

मास्तरांचा स्वभाव मुळातच जळका. शेजाऱ्याने नवा पंखा आणला की यांना आपल्या पंख्याची खरखर ऐकू यायला लागायची. मेहुण्याला बढती मिळाली तेव्हा यांनी तोंडभरून अभिनंदन केलं आणि फोन ठेवल्या ठेवल्या म्हणाले, "वरचा माणूस मेला असणार, त्याशिवाय याला कोण वर चढवतंय!" पण हे सगळं बाहेरच्यांपुरतं होतं. उतारवयात स्वतःच्या बायकोचा हेवा करायची पाळी येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ते कटिंग मास्तर होते. दवाखान्यांचे कोट, वेटरांची जाकिटं, पहारेकऱ्यांचे शर्ट, सगळं त्यांच्या कात्रीखालून जायचं. त्यांच्या टेबलामागे खिळ्यांवर पुठ्ठ्याचे साचे टांगलेले असत. साचा कापडावर ठेवायचा, कडेने खडू फिरवायचा आणि कापायचं. शिवणीत जाण्यासाठी कडेला थोडं जास्तीचं कापड सोडावं लागतं, त्याला माया म्हणतात. शहाणे कटर ती साच्यातच धरतात. मास्तरांनी मात्र बाहीच्या साच्यांत ती मुद्दाम धरली नव्हती. बाह्या ते स्वतःच कापायचे, आणि तेही रेघेवरून नाही, रेघेच्या बाहेरून, कुठे जास्त, कुठे कमी, हाताच्या अंदाजाने. कारण तरुणपणी एका सोबत्याने त्यांचे साचे उचलून दुसऱ्या कारखान्यात नेले होते. आता कुणी नेलेच, तर त्याची प्रत्येक बाही काखेत आवळेल, या नुसत्या विचाराने मास्तरांना शांत झोप लागायची.

बायको त्याच कारखान्यात काज-बटणाच्या टेबलावर बसे. कारखान्यात ती त्यांना मास्तर म्हणायची आणि घरी अहो. लेक शिकून नोकरीला लागली आणि बाईंना संध्याकाळी मोकळा वेळ मिळायला लागला. एके दिवशी त्यांनी कॉम्प्युटरवर साचे काढायचा वर्ग लावला. मास्तर पोट धरून हसले. "माऊस धरशील, पण तो चावला तर माझ्याकडे यायचं नाही," असंही म्हणाले. लेकीनेच तेवढं सुनावलं, "बाबा, हसून घ्या. पुढे हसायला मिळेल न मिळेल."

मिळालं नाही. मालकांनी कॉम्प्युटर घेतला, तो चालवणारं कोण म्हणून विचारलं, आणि काज-बटणाच्या टेबलावरून एक हात वर गेला.

मग काय विचारता! यंत्राला उकाडा सोसत नाही म्हणून काचेची खोली झाली, थंड हवा आली, गोल फिरणारी खुर्ची आली. त्या खुर्चीवर बाई नवा चष्मा लावून बसायच्या आणि बाहेर मास्तर कापडाच्या धुळीत खोकत उभे. उभ्या जन्मात मास्तरांना कुणी स्टूल दिलं नव्हतं. चहावाला आधी काचेच्या खोलीत जायला लागला. मालक बाईंना मॅडम म्हणायला लागले, ते मास्तरांच्या सगळ्यात वर्मी बसलं. त्यांनी टेबल फिरवून काचेकडे पाठ केली, पण मग तिकडे कोण गेलं, कोण आलं हे पाहायला सारखी मान वळवावी लागे, आणि मान धरली.

घरी ते धुसफुसत. भाजीत मीठ कमी पडलं तर म्हणत, "मॅडमचं लक्ष कुठे असतं हल्ली?" बाई नुसता मिठाचा डबा पुढे सरकवत. त्या भांडल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

एके दिवशी मालकांनी हुकूम सोडला की सगळे जुने साचे कॉम्प्युटरमध्ये घ्यायचे. साचा एका फळीवर ठेवायचा, कडेकडेने एक बटण दाबत जायचं, की त्याची आकृती पडद्यावर उमटते. पुढे छपाई करणारं यंत्र तीच आकृती लांबलचक कागदावर काढतं, तो कागद कापडाच्या थप्पीवर पसरतात आणि कुणीही सोम्यागोम्या रेघेवरून कापू शकतो. मास्तरांनी साचे खिळ्यांवरून उतरवले तेव्हा त्यांचा चेहरा सुतकी झाला होता.

बाहीचा साचा फळीवर ठेवून बाईंनी मालकांच्या देखतच विचारलं, "मास्तर, यात काही वाढवून घ्यायचं असतं का?"

साधा प्रश्न होता. हो म्हणायला किती वेळ लागतो? पण मास्तरांच्या नजरेपुढे ती खुर्ची होती, तो चष्मा होता, आणि मॅडम, मॅडम करणारे मालक होते. "आहे तसा घे," ते म्हणाले.

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि आहे तसा घेतला.

नमुन्याचे कोट शिवून झाले. मालकांनी एक अंगात घातला आणि दोन्ही हात वर केले. एका हाताची बाही काखेत करकचून आवळली, दुसऱ्या हाताची शिवण टर्रकन उसवली. सगळा कारखाना पाहत होता. मालक उसवल्या बाहीनिशीच बाईंना बोलले, आणि चांगलंच बोलले. उद्या गिऱ्हाईक नमुना बघायला येणार होतं. उद्यापर्यंत नीट कोट निघाला नाही तर हे यंत्र परत जाईल आणि मॅडम पूर्वीच्या जागी बसतील, त्यांनी ठणकावून सांगितलं. बाईंनी एवढंच म्हटलं, "पुन्हा बघते." साच्यांबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. मास्तरांना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. चहासुद्धा त्या दिवशी त्यांना गोड लागला.

दुपारी काज-बटणाला माणूस कमी पडलं. मालक रागातच होते. "जा, तोवर तिकडे तरी हात लावा," ते बाईंना म्हणाले. बाई उठून जुन्या टेबलाकडे गेल्या. त्यांच्या जागेवर आता एक नवी पोरगी बसत होती. ती म्हणाली, "या, मॅडम आल्या! मॅडमना सुई द्या गं कुणीतरी." टेबलभर हशा पिकला.

हेच तर मास्तरांना ऐकायचं होतं. अगदी हेच. बाईंनी चष्मा काढून ठेवला, सुई डोळ्यांजवळ धरली आणि दोरा ओवायला लागल्या. दोरा जाईना. त्यांनी तो ओला केला, पुन्हा धरला, तरी जाईना. पोरी हसतच होत्या. मास्तरांनी कात्री चालवायचा प्रयत्न केला, पण हात चालेना. आपल्या बायकोला हसणाऱ्या त्या पोरींचा त्यांना असा राग आला की आधी त्यांनाच काही कळेना, आणि मग तिचं हसं कुणामुळे होतंय ते कळलं.

ते तडक मालकांकडे गेले. "बाहीचे साचे अर्धे आहेत. माया मी हाताने सोडतो. तिची चूक नाही. तिने विचारलं होतं, मीच सांगितलं नाही."

मालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आणि हे आत्ता सांगताय?"

"आत्ता सांगतोय."

बाईंना परत बोलावलं गेलं. "माया किती सोडता?" त्यांनी विचारलं. मास्तरांना सांगता येईना. आकड्यांत त्यांनी ती कधी मोजलीच नव्हती. शेवटी त्यांनी कापडावर साचा ठेवला, खडू फिरवला आणि रोजच्यासारखी बाही कापली. बाईंनी रेघ आणि कड यांमध्ये पट्टी लावली, आधी काखेत, मग खांद्यावर, मग मनगटाशी. आकडे कॉम्प्युटरला दिले. पडद्यावरची रेघ आपली आपण बाहेर सरकली, काखेत जास्त, मनगटाशी कमी, हुबेहूब मास्तरांच्या हातासारखी. चहा निवायलाही याहून जास्त वेळ लागतो. "एवढंच?" मास्तरांनी विचारलं. "एवढंच," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी नवा कोट मालकांच्या अंगावर चढला. त्यांनी हात वर केले, पुढे केले, मागे नेले. बाही बसली होती. "वा मॅडम, झकास!" मालक म्हणाले. मास्तर बाजूलाच उभे होते. एक कळ आलीच. स्वभाव असा एका दुपारीत थोडाच जातो!

कारखाना सुटल्यावर दोघं घरी निघाले. वाटेत मास्तरांना राहवेना. "पट्टी आधी काखेत कशी लावलीस? तिथे जास्त सुटतं हे मी तर बोललो नव्हतो."

बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "लेकीचे फ्रॉक घरी कापायचात, तेव्हा समोरून कापड कोण धरायचं?"

"म्हणजे तुला माहीत होतं."

"पहिल्यापासून. किती सोडता तेवढं माहीत नव्हतं."

"मग मालकांना सांगायचंस ना. सगळ्यांसमोर कशाला बोलणी खाल्लीस?"

"मी सांगितलं असतं तर मास्तरांचे साचे चुकीचे निघाले, असा सगळीकडे बोभाटा झाला असता. इतकी वर्षं नाव कमावलंत तुम्ही. तुम्ही स्वतः सांगितलंत, तर कुणी चूक म्हणालं का? म्हणून तर तुम्हाला विचारलं होतं."

"आणि मी तोंडच उघडलं नसतं तर?"

"तर बसले असते बटणं लावत," बाई सहज म्हणाल्या. "येतं की मला ते काम."

त्या पुढे निघाल्या. मास्तर मात्र रस्त्यातच थांबले. खुर्ची, थंड हवा, चष्मा, मॅडम, यांतलं काहीतरी वर्ग लावून त्यांनाही मिळालं असतं. हे असं मन मिळणार नव्हतं. पुढे चाललेल्या त्या बाईकडे पाहताना मास्तरांच्या पोटात जन्मात पहिल्यांदा योग्य कारणासाठी दुखलं.