मानेवरची धडक

माझा धाकटा भाऊ कबड्डीत पकड करायचा. पण बाहेरगावचे संघ त्याला मानधन देऊन न्यायचे ते पकडीसाठी नाही, धडकेसाठी. चढाईला आलेल्या गड्याचा पाय बाकीच्यांनी धरला, तो अडकून वाकला, की माझा भाऊ कोपऱ्यातून धावत यायचा आणि खांदा मारायचा. धडक छातीला दिली तर चालते, खेळातलीच आहे ती. भावाची छातीच्या वर बसायची.

माझं माहेर किन्हीराजाचं आणि सासर शिरपूरचं, दोन्ही वाशिमकडची. भाऊ कुठं खेळला, कुणाला पाडलं, हे मला सासरी बसून मोबाइलवर कळायचं. मंगरूळपीरला त्यानं एका गड्याला असं पाडलं की तो उताणा पडला आणि त्याचे दोन्ही हात हवेत उठून तसेच ताठ राहिले. कुणीतरी त्या व्हिडिओला ढोल-ताशा लावला होता. हात ताठ होतात तेवढा भाग संथ करून पुन्हा पुन्हा दाखवला होता. आमच्या घरात तो व्हिडिओ सगळ्यांत जास्त वेळा पाहिला माझ्या दिरानं.

“वहिनी, तुमचा भाऊ मानूस हाये का ट्रॅक्टर?” असं म्हणून तो हसायचा.

दीर आमच्या गावच्या संघाचा चढाईवाला. अंगानं सडपातळ, पायात वारं. मी त्या घरात आले तेव्हा तो शाळेत होता. माझ्या हातची पहिली बिघडलेली भाकर त्यानंच निमूट खाल्ली होती. तो हसत व्हिडिओ पुन्हा लावायचा, मी उठून आत जायचे. तो हात ताठ झालेला गडी पुढं कसा आहे, हे कुणीच विचारत नव्हतं. मी भावाला एकदा विचारलं. तो म्हणाला, “असन बरा. मले काय मालूम?”

सोयाबीन निघून गेलं, तूर फुलावर आली, आणि गावात खुल्या सामन्यांचे बॅनर लागले. माझे यजमान सामने भरवणाऱ्या मंडळात होते. एका संध्याकाळी ते चहा घेता घेता म्हणाले, “तुह्या भावाले बाहेरच्या एका चमूनं घेतलं. उपांत्य सामन्यात आपल्याच गावाशी गाठ पडते, असं दिसून राह्यलं.”

दीर भिंतीला टेकून बूट घासत होता. त्यानं मान वर करून मला डोळा मिचकावला. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

मी यजमानांना म्हटलं, “मंडळाले सांगा ना, मानेवर मारनाऱ्याले बाहेर काढा म्हनून.”

“मंग लोकं कायले येतीन?” ते म्हणाले. रागानं नाही, साधंच, पाऊस कमी झाला म्हणतात तसं.

मी भावाला फोन केला. “माह्या दिराच्या अंगावर असा नको येजो.”

“ताई, मैदानात नातं नसते.”

“मान तर असते ना?”

 तो म्हणाला, “मले त्याच्यासाठीच बोलावते लोकं. मी नाही मारलं तर दुसरा कोनी मारीन.” मागं कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला.

सामन्याच्या दिवशी मुख्य पंच आमच्याकडे जेवायला होते. मंगरूळपीरकडच्या एका शाळेत ते खेळ शिकवायचे. केस पिकलेले, बोलणं हळू. मी वाढता वाढता विचारलं, “सर, मानेवर धडक बसली तर तुमी काय करता?”

“शिट्टी वाजवतो, बाई.”

“अन् मंग?”

त्यांनी घास खाली ठेवला. “मंग कार्ड दाखवावं लागते. पिवळं म्हनजे दोन मिनिटं बाहेर. लाल म्हनजे त्या सामन्यातून गेला. मागं एका गावात लाल दाखवलं, तर माह्या गाडीच्या काचा फोडल्या.”

“मारनारा माझा भाऊ हाये, सर,” मी म्हटलं. “अन् चढाई करनारा माझा दीर.”

 यजमान ओशाळले, “काहीतरी बोलते ही” म्हणाले. पंचांनी मात्र भाजी पुन्हा मागितली नाही. हात धुताना मला एवढंच म्हणाले, “मी पाहीन.”

शाळेच्या मैदानावर भाड्याची निळी मॅट अंथरली होती. बायकांसाठी एक बाजू राखलेली. झाडावर, शाळेच्या छपरावर, ट्रॉल्यांवर माणसं. भावाचा संघ उतरला तेव्हा भोंग्यावरच्या माणसानं त्याचं नाव नाही घेतलं, नुसतं म्हणाला, “आला रे आला, बुलडोझर आला!” आणि आमचंच गाव शिट्ट्या मारू लागलं. सासूबाईंनी माझा हात धरला. 

सुरुवातीलाच भावानं आमच्या एका गड्याला गळ्याखाली खांदा दिला. पंचांची शिट्टी वाजली, पिवळं कार्ड वर गेलं. लोकांनी पंचांनाच हूट केलं. भाऊ बाहेर जाऊन बसला, पाणी प्याला, कुणाशी तरी हसला. मला वाटलं, तो माझ्याकडे पाहील. त्यानं पाहिलं नाही.

मध्यंतरानंतर आमचा संघ थोडा मागं होता. दीर चढाईला गेला. एकाला शिवला आणि माघारी वळला, तेवढ्यात एकानं त्याचा घोटा धरला. तो रेषेकडे हात ताणून पुढं झुकला. मान पुढं, हात पुढं, एक पाय अडकलेला. मी भावाला निघताना पाहिलं. त्या क्षणी मी ओरडले असेन, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. आवाज आला तो फक्त धडकेचा. ओला नारळ ओट्यावर आपटावा तसा.

मैदान गर्जलं. मग दीर उठला, म्हणून आणखी जोरात गर्जलं. तो उभा राहिला, चड्डी झटकली, चालत गेला, आणि समोरच्या संघाच्या राखीव गड्यांमध्ये जाऊन बसला.

लोक हसले. त्यांना ती मस्करी वाटली. मला नाही वाटली.

पंच मॅटच्या मधोमध उभे होते. त्यांनी खिशातून लाल कार्ड काढून माझ्या भावासमोर धरलं. लोक ओरडू लागले तरी त्यांनी हात खाली घेतला नाही. भावाच्या संघाचा व्यवस्थापक धावत आला, “अंगाले लागलं, मानेले नाही!” गंमत म्हणजे आमच्या गावचेही लोक दोरी ओलांडून पंचांवरच आले. “गडी उभा हाये ना! खेळू द्या! कायले सामना खराब करता?”

दीर पण उठून आला. “मले काही नाही झालं, सर.”

पंचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “कोन्या गावात खेळून राह्यला तू?”

“मंगरूळले,” दीर म्हणाला.

मग जवळचं कुणी हसलं नाही, पण मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं. मागून एक पाण्याची बाटली आली, मग चप्पल, मग दगड. यजमानांच्या हातात माइक होता आणि लोक त्यांना ढकलत होते, “पुढं चालू करा म्हना!” त्यांनी आपल्या भावाकडे, माझ्या दिराकडे पाहिलं. मग माइकवर म्हणाले, “सामना बंद.” ते ऐकून काही जणांनी मांडवाचे खांब हलवायला सुरुवात केली. पंचांना शाळेच्या खोलीत कोंडून घ्यावं लागलं. पोलीस येईपर्यंत ते तिथंच होते.

मी मॅटवर गेले. साडी नेसून कुणी बाई त्या मॅटवर गेली नसेल. दिराचा हात धरला. तो म्हणाला, “वहिनी, चढाई कोनाची होय?” मी म्हटलं, “झाली तुमची, भाऊजी.” दहा पावलं गेलो नाही तर पुन्हा, “वहिनी, चढाई कोनाची होय?” तोच सूर, तोच चेहरा. मैदानाबाहेर पोचेपर्यंत तो तेच विचारत राहिला.

दवाखान्यात न्यायला मिळाली ती गाडी माझ्या भावाच्या संघाची होती. चावी त्यानं व्यवस्थापकाच्या हातातून ओढून घेतली. वाशिमच्या रस्त्यावर दीर माझ्या मांडीवर ओकला, आणि मग त्याला झोप येऊ लागली. मी त्याला झोपू देत नव्हते. भाऊ समोर पाहून गाडी चालवत होता. मधेच म्हणाला, “ताई, तो बोलून राह्यला ना?”

“बोलून राह्यला.”

“काय म्हनते?”

“चढाई कोनाची म्हनते.”

त्यानं गाडीचा वेग वाढवला. त्याची मान मागून मला लहानपणीसारखी दिसत होती, बारीक.

वाशिमहून अकोल्याला नेलं. डोक्यात थोडं रक्त साकळलं होतं. कापावं लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, असाच पुन्हा मैदानात गेला असता आणि दुसरी धडक बसली असती, तर तुम्हाला इथवर यायची गरजच पडली नसती. सासूबाईंनी ते ऐकलं आणि भिंतीला धरून खाली बसल्या. भाऊ दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर बसायचा, आत यायचा नाही. सासूबाईंनीच एके सकाळी त्याला चहा नेऊन दिला. काय बोलल्या ते मला माहीत नाही.

दीर बरा झाला, म्हणजे चालतो, बोलतो, बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करतो. उन्हात डोकं धरतं. बोलता बोलता कधी शब्द हरवतो, मग हातानं ती वस्तू दाखवतो. कबड्डी सुटली. त्या दिवसातलं त्याला काहीच आठवत नाही. माझ्या भावाशी तो आधीसारखाच बोलतो, आणि तेच भावाला सोसत नाही.

गावात बरेच दिवस लोक म्हणत, पंचानं नाटक केलं नसतं तर आपण जिंकलो असतो. पण पुढच्या वर्षी मंडळानं सामन्याआधी भोंग्यावर सांगितलं, खांद्याच्या वर धडक म्हणजे थेट लाल कार्ड. तेच पंच बोलावले. गर्दी कमी होती.

भाऊ त्या वर्षी खेळला नाही. यंदा तूर फुलावर असताना तो आमच्याकडे जेवायला आला होता, तेव्हा त्याला एक फोन आला. लांबच्या कुठल्यातरी संघाचा. त्यानं फोन स्पीकरवर टाकून ताटाशेजारी ठेवला.

“येतो,” भाऊ म्हणाला, “पन मी छातीच्या वर मारत नाही आता.”

पलीकडचा माणूस हसला. “मंग तुह्यापाशी हाये काय, गड्या? राहू दे. एका नव्या पोराले घेतलं हाये आमी. तुह्याहून भारी मारते.”

फोन बंद झाला. दिरानं विचारलं, “कोन होता?” भाऊ म्हणाला, “कोनी नाही.” आणि ताट सारून अंगणात गेला. मी त्याच्यामागं गेले नाही. तो नवा पोरगा कोण, कुठला, त्याला कुणी बहीण आहे का, एवढंच माझ्या मनात येत राहिलं.