एकदा थोपटलं की ठीक

माझं तोंड फटकळ आहे. आई म्हणते, ड्रायव्हरभाऊ म्हणतात, आणि आता भामरागडकडची दोन-चार गावंही म्हणत असतील. ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर म्हणून आले तेव्हापासून ते जास्तच सुटलंय. दिवसभर ओरडायचं आणि भाड्याच्या खोलीवर येऊन कुकर लावायचा. तिथं ओरडायलाही कुणी नसतं. आईचा फोन "जेवलीस का?" एवढ्यावर येतो आणि रेंज जाते.

मोहफुलांचे दिवस होते. सकाळी मोह वेचायला गेलेल्या एका बाईवर अस्वल धावून आलं. मोह अस्वलालाही आवडतो, त्याला तरी काय बोलणार! गावकऱ्यांनी तिला खाटेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं होतं. उताणी झोपवलेली, अंगावर धुतलेलं लुगडं पांघरलेलं. सगळं मायेनंच केलेलं. पण जबडा फाटला होता, डोळे रक्तानं माखले होते आणि रक्त घशात उतरत होतं. श्वास घरघरत होता.

"उठवा तिले! आधी उठवून बसवा!"

तिचा नवरा मधे आला. "बाई, झोपू द्या न तिले. लय थकली."

"झोपली तर सोताच्या रक्तात बुडन ते! पकड तिकडून."

बसवून पुढं वाकवली तसं रक्त बाहेर गळालं आणि श्वास मोकळा झाला. मान चाचपली, हातापायाची बोटं हलवून घेतली, जखमेवर पट्ट्या दाबल्या. पण धावत्या गाडीत वाकून बसायचं कशाच्या आधारानं? मी तिच्यासमोर बसले आणि तिचं कपाळ माझ्या खांद्यावर टेकवलं. अहेरीच्या दवाखान्यापर्यंत असंच जायचं होतं.

तिला बोलता येत नव्हतं, मराठीही थोडंच कळायचं. नवऱ्याकडून त्यांच्या माडिया बोलीत सांगवलं: मी विचारीन, ठीक असशील तर माझ्या पाठीवर एकदा थोपट. श्वास अडला तर थोपटतच राहा.

"ठीक हायेस न?" थप.

शुद्ध टिकावी म्हणून मी बोलत राहिले. खड्ड्यांना शिव्या घातल्या, ड्रायव्हरभाऊंना घातल्या, अस्वलाच्या सात पिढ्या काढल्या. ते संपल्यावर आईबद्दल सांगितलं, खोलीतल्या पालीबद्दल सांगितलं. मधूनमधून विचारायचं, ठीक हायेस न? थप. दोनदा तिचा हात थांबेना. दोन्ही वेळा यंत्रानं तोंडातलं रक्त ओढून काढलं, तेव्हा कुठं थांबला. तिचा गरम श्वास माझ्या गळ्यापाशी लागत होता. खरं सांगते, कित्येक महिन्यांत माझ्या इतक्या जवळ इतका वेळ कुणी बसलं नव्हतं. माणूस मरणाच्या दारात असताना असलं काही वाटू नये. पण वाटलं.

अहेरीत तिला आत नेलं आणि दार लागलं. आमचं काम दारापर्यंतच. पुढं तिला नागपूरला हलवल्याचं कळलं. न राहवून तिकडच्या दवाखान्यात फोन केला.

"पेशंटच्या कोण तुम्ही?" पलीकडून विचारलं.

कोणी नाही म्हणाले आणि फोन ठेवला. त्या दिवशीचा ॲप्रन दोनदा धुतला होता, तरी खांद्यावरचा डाग राहिला. तोच घालत राहिले. वाचली की गेली, कुणाला विचारणार?

पावसाळा सरल्यावर त्याच गावातून बोलावणं आलं. एका म्हाताऱ्याचा पाय मोडला होता. लोकांनी मोडका पाय तसाच लोंबता ठेवून त्याला उचलायला घेतलं होतं. झालं, माझं तोंड सुटलं. "काऊन रे, पाय काय उधारीचा आहे का? ठेवा खाली! फळी आणा!"

पायाला फळी बांधून म्हाताऱ्याला गाडीत घातलं. वळले तर एक बाई घरातून लगबगीनं येत होती. जबडा वाकडा, एक डोळा मिटलेला. मी जखम ओळखली. तिनं मात्र माझा चेहरा कधी पाहिलाच नव्हता; तिला दिसली असेल ती गाडीची फरशी. ती आली होती माझ्या ओरडण्यावरून.

तिनं सरळ माझ्या खांद्यावर कपाळ टेकवलं. तशीच थांबली. मग वाकड्या ओठांतून, माझेच शब्द जुळवत विचारलं, "ठीक हायेस न?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. एकदाच थोपटायचं होतं, पण माझा हात थांबेना.