कचरा आलाय

सासऱ्यांची गाडी वळ गावातल्या आमच्या गोदामात ताडपत्रीखाली कधीपासून पडून होती, हे घरात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी चालवणं सोडलं, पण विकायचं नाव काढलं की ते ताटावरून उठायचे. मग गोदामाला नवा भाडेकरू मिळाला, त्याला तो कोपरा मोकळा हवा होता, आणि आमच्या ह्यांच्या अंगात आलं. गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची.

वडपे गावातल्या गॅरेजात इंजिन खाली उतरवलं. पिस्टन, रिंगा, क्लच, सगळं नवं. वरून पांढराशुभ्र रंग. गाडी दारात आली तेव्हा ह्यांनी हार घातला, धाकट्या दिरांनी पेढे वाटले, आणि सासरे पुढच्या सीटवर असे ऐसपैस बसले की जणू इंजिन त्यांनीच बांधलंय. मी, सासूबाई आणि दीर मागे. भिवंडीत जाऊन बाजार करायचा होता.

अंजूरफाट्यापर्यंत गाडी छान गेली. मग चार आचके दिले आणि ट्रकांच्या रांगेत मधोमध बंद पडली.

"कचरा आलाय," हे म्हणाले. कुठून आला, कुठे गेला, काही नाही. बोनेट उघडलं, पेट्रोलचा पाइप सोडवला, तोंडाने ओढला आणि रस्त्यावर थुंकले. दिरांचं मत वेगळं. "कॉइल तापली, दादा." त्यांनी माझ्या पिशवीतला नॅपकिन ओला करून कॉइलवर ठेवला. सासरे आतूनच ओरडत होते, "माझ्या हातात होती तवा कवा बंद पडली न्हाय!" मागचा ट्रकवाला उतरून आला, प्लग साफ करा म्हणाला. तेही झालं. एवढ्यात बराच वेळ गेला आणि गाडी चालू झाली.

यानंतर दोघा भावांपैकी प्रत्येकाला खात्रीच पटली, की ती आपल्यामुळे चालू झाली.

पुढच्या प्रत्येक फेरीला हेच. गाडी थोडी धावायची, मरायची. हे पाइप फुंकायचे, दीर कॉइलवर पाणी मारायचे, आणि गाडी चालू व्हायची. खरं म्हणजे ती नुसती उभी राहिली तरी चालू होत होती. मला हे लवकरच कळलं, कारण मागे बसून मला दुसरं काही काम नव्हतं. पण बोनेटमध्ये डोकं घातलेल्या माणसांना बाहेरून काही सांगायची सोय नसते. मी एकदा म्हटलंही, "अहो, थोडं थांबून बघा ना." तर हे म्हणाले, "थांबल्याने गाड्या दुरुस्त होत असत्या, तर गॅरेजं कशाला असती?" दीर हसले. त्यांना ते फार हुशारीचं वाटलं.

मग एका हळदीला वडपे गावाकडे निघालो होतो. भर उन्हात, अंगावर रेशमी साडी, आणि हायवेवर गाडी मेली. पेट्रोलचा काटा तर दुरुस्तीनंतरही हलत नव्हता. "टाकीत पेट्रोल तरी आहे का?" मी विचारलं. हे डिकीत पाना शोधत होते, दीर पाण्याची बाटली. मी स्टार्टरची किल्ली काढून घेतली आणि तिनेच टाकीचं झाकण उघडलं.

आतून स्स्स करून हवा ओढली गेली. केवढा तरी वेळ.

किल्ली परत देऊन मी ह्यांना म्हटलं, "आता स्टार्टर मारा."

"अगं, अजून काही केलंच नाही."

"तरी मारा."

गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. "बघ, कॉइल थंड झाली," दीर म्हणाले. त्यांच्या हातातली बाटली अजून भरलेली होती.

मी झाकण नीट पाहिलं. हवेसाठी त्याला बारीक भोक असतं. रंगाऱ्याने झाकण न काढताच फवारा मारला होता, भोक बुजून गेलं होतं. पेट्रोल कमी होईल तशी आत हवा शिरायला वाटच नव्हती. मी हे सांगितलं तर हे म्हणाले, "अख्खं इंजिन बांधलंय आणि तू झाकणाचं सांगतेस!" मी वाद घातला नाही. झाकण पर्समध्ये टाकलं, टाकीच्या तोंडावर रुमाल बांधला. गाडी हळदीला गेली, परत आली, कुठेही अडली नाही. ह्यांनी मेस्त्रीला फोन लावून विचारलं, तर तो म्हणाला, नवं इंजिन आहे, आता सेट झालं. ह्यांना पटलं.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी माझ्याकडून झाकण मागून घेतलं. "उघडं ठेवलं तर पेट्रोल चोरतील." घट्ट लावून किल्ली फिरवली. गाडी कल्याण नाक्यावर मेली. दोघे भाऊ बोनेट उघडतायत तोवर मी आणि सासूबाईंनी रिक्षा केली आणि घरी आलो.

दोघांनी कार्बोरेटर खोलून ठेवलं होतं, म्हणून संध्याकाळी गाडी टेम्पोला बांधून आणली. नवं कार्बोरेटर बसवायचं ठरलं, तेच घ्यायला दोघे सकाळी गेले. सासूबाईंनी पदराची पिन काढून माझ्या हातात दिली. मी भोकातला रंग टोकरून काढला, फुंकर मारून पाहिली, झाकण लावलं.

नव्या कार्बोरेटरने कमाल केली, असं घरात ठरलं. गाडी पुढे एकदाही तशी मेली नाही. हे प्रत्येक पाहुण्याला कार्बोरेटर दाखवायचे. एकदा मला राहवेना, मी तोंड उघडलंच होतं, तर सासूबाईंनी माझा हात दाबला.

"सांगू नको गो," त्या हळूच म्हणाल्या, "नायतर परत बुजवतील."