जगताप मॅडमचा फुकटचा चहा

जगताप मॅडम दर वर्षी नव्या पोरांना आधी आठवडाभर फुकट चहा पाजायच्या. औरंगपुऱ्यातल्या आमच्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये दुपारी डोळे मिटायला लागले, की त्या हजर. हातात मोठा थर्मास, चहा आलं घातलेला, दाट. मेसचं पाणचट वरण गिळून विटलेली आम्ही खेड्यातली पोरं. आम्हाला देवच भेटला. मग एके दिवशी थर्मास यायचा, पण बाई फक्त स्वतःचा कप भरायच्या. आमची चुळबुळ सुरू झाली की विचारायच्या, "पाहिजे? सगळ्यांचे कालचे उष्टे कप जो धुऊन आणेल, त्याला मिळेल."

आमच्या वर्षी उठला तो गणेश. माझा रूम पार्टनर, माझ्यासारखाच सोयगावकडचा. हसत गेला, नळावर उकिडवा बसला, कप घासून आणले. मॅडमनी त्याला चहा दिला आणि वर्गाकडे वळून म्हणाल्या, "बघा, आठ दिवसांत कुठं येऊन बसला. पदवीधर आहे हं! आता वह्या काढा. अफूचं युद्ध."

पोरं खिदळली. गणेशही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

अशी दुष्ट बाई. पण एकदा तिनं शिकवलेलं माणूस जन्मात विसरत नसे. इंग्रजाला चिन्यांच्या चहाची चटक लागली, चांदी मोजून मोजून जीव कासावीस झाला, म्हणून त्यानं तिकडं अफू उतरवली. चिन्यांनी बंदी घातली तर तोफा लावलेली जहाजं घेऊन आला. "आणि वर म्हणतो काय, तर आम्ही फक्त व्यापार करतो!" असं म्हणून मॅडम खडू फळ्यावर आपटायच्या. आम्ही इंग्रजांना शिव्या घालायला लागलो की मध्येच थांबवायच्या. "थांबा, थांबा. पिकवली कोणी? माळव्यात, बिहारात, आपल्याच मातीत. दुसऱ्याकडं बोट दाखवण्याआधी घरात बघा."

त्यांचा लाडका माणूस म्हणजे चीनच्या सम्राटानं पाठवलेला तो बंदरावरचा अधिकारी. त्यानं गोऱ्यांची अफू जप्त करून खड्ड्यांत पाणी, मीठ आणि चुना घालून विरघळवली. "जाळली नाही रे! जाळली की वितळून मातीत उरते. पार नाहीशी केली!" हे सांगताना बाईंचा चेहरा उजळायचा.

गणेश पूर्व परीक्षेत नापास झाला आणि बटनवर गेला. आमच्या शहरात झोपेच्या गोळ्यांना बटन म्हणतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत, पण ज्याला पाहिजे त्याला मिळतात. मी त्याला शिव्या दिल्या, एकदा मारलंसुद्धा. तो नुसता हसायचा. वर्गात एकदा त्याची मान पुढच्या बाकावर पडली तेव्हा मॅडमना सगळं कळलं.

"या, अफूबहाद्दर, उभे राहा," त्या म्हणाल्या. "कुठून आणतोस? दुकानाचं नाव सांग. आत्ता, सगळ्यांसमोर."

गणेशनं डोळे उघडले. "तुमच्याच पोराच्या दुकानातून, मॅडम. प्रसाददादाच देतो."

आम्हा अर्ध्या वर्गाला हे ठाऊक होतं. सांगायची हिंमत कोणात होती? मॅडमनी पर्स उचलली आणि तडक निघाल्या. आम्ही मागोमाग.

प्रसादचं मेडिकल गारखेड्यात होतं. बाई थेट काउंटरच्या आत शिरल्या आणि खालचा कप्पा ओढून काढला. प्रसाद म्हणाला, "आई, तमाशा करू नको. मी नाही दिल्या तर समोरचा देईल. धंदा आहे हा. मी काय कोणाच्या तोंडात कोंबतो का?" हे असलंच बोलणं मॅडमनी आम्हाला गोऱ्या व्यापाऱ्यांच्या तोंडी शिकवलं होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

मॅडमनी पानटपरीवरून चुना मागवला, किराण्यातून मीठ, कुठूनशी बादली. भर रस्त्यात बसून एकेक गोळी पाकिटातून फोडून पाण्यात टाकली आणि काठीनं घोटत राहिल्या. गर्दी जमली, मोबाइल निघाले. कोणीतरी ओरडलं, "वा मॅडम, क्या बात है!" आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी स्वतः पोलिसांना फोन लावला.

हवालदार आला, बादलीत डोकावला. "मॅडम, आता ह्याच्यात मी काय पकडू? एखादी गोळी तरी ठेवायची होती." रिकामी पाकिटं प्रसादनं तोवर गटारात लोटली होती.

प्रसाद सुटला. महिनाभरात त्यानं बजाजनगरला नवं दुकान टाकलं. कामगारांची वस्ती, अंग मोडून आलेल्या माणसांना झोप हवीच असते. गणेश रिक्षानं तिथवर जायला लागला. इकडं लोक बोलायला लागले, बाईनं पोराला कसं शिताफीनं वाचवलं बघा. क्लासच्या मालकानं त्यांना घरी बसवलं. मला कधी वाटे, मूर्ख बाई, पुस्तकातलं करायला गेली. कधी वाटे, लोक म्हणतात तेच खरं. माझा संताप संताप व्हायचा.

एका सकाळी गणेशला हलवलं तर अंग गार.

दहाव्याला मॅडम एकट्याच एसटीनं सोयगावला आल्या. ओसरीवर बायामाणसं बसलेली. गणेशच्या आईनं त्यांना ओळखलं, कोणीतरी मोबाइलवर दाखवलंच असणार.

"गोळ्या बुडवल्या त्या तुमीच व्हय?"

"हो. माझ्याच मुलानं विकल्या होत्या."

"मंग पोराला वाचवाया बुडवल्या का?"

जिला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ, त्या बाईनं पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "ताई, देवाशपथ, मलाच माहीत नाही."

चहा सगळ्यांना दिला, त्यांना कोणी विचारलं नाही. मोरीवर उष्ट्या पेल्यांचा ढीग पडला होता. मॅडमनी पदर खोचला, जाऊन बसल्या आणि पेले घासायला लागल्या. मला नळावर उकिडवा बसलेला गणेश दिसला. जाऊन त्यांना उठवावं असं वाटलं, पण मी हातातला चहा पीत राहिलो.

गणेशची आई उठली. मला वाटलं, हात धरून उठवेल. ती मॅडमच्या शेजारी बसली, त्यांनी धुतलेला पेला उचलला आणि राख घेऊन पुन्हा घासायला लागली. एक झाला की दुसरा. मॅडम धूत होत्या, ती परत धूत होती. ढीग संपेपर्यंत दोघींतली एकही उठली नाही.